गावच्या घराचा मेंटेनन्स

कोकणातल्या बंद घराचं एक ठरलेलं वेळापत्रक असतं. शिमग्याला चार-पाच दिवस, मे महिन्यात शाळेच्या सुट्टीपुरतं आणि गणपतीत दीड दिवसापासून गौरी-विसर्जनापर्यंत, जितकी रजा मिळेल तितकं ते उघडतं. बाकी वर्षभर दाराला कुलूप. हे वेळापत्रक ठरवताना मुंबईतली शाळा, रजेचा अर्ज आणि पंचांग या तिघांचा विचार झालेला असतो, घराचा नाही. जूनच्या मध्याला मुंबईतल्या शाळा सुरू होतात आणि त्याच सुमारास कोकणात पाऊस स्थिरावतो. तिथून भाद्रपद चतुर्थीपर्यंत घराकडे कुणी फिरकत नाही. २०२५ साली चतुर्थी २७ ऑगस्टला आली, तेव्हा हा काळ अडीच महिन्यांचा होता. २०२३ साली अधिक श्रावणामुळे चतुर्थी १९ सप्टेंबरला गेली आणि तो तीन महिन्यांच्या वर गेला. थोडक्यात, वर्षाचा बहुतेक पाऊस घरावर कोसळतो तेव्हा घरात कुणी नसतं. माणसं येतात तेव्हा पाऊस एकतर यायचा असतो किंवा सरत आलेला असतो. बंद घराच्या राखणीचा विचार खरं तर इथून सुरू व्हायला हवा. तो सुरू होतो कुलपापासून.

बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड या पट्ट्यातल्या कोकणी कुटुंबांत गावच्या घराची चर्चा निघाली की ती पटकन चोरीवर येते. अमक्याच्या घराची कौलं काढून चोर आत उतरले, तमक्याच्या पडवीतला पाण्याचा पंप गेला, कुणाचे पितळी हंडे आणि समया गेल्या. मग जाडजूड कुलपं, लोखंडी जाळीचे दरवाजे, गडग्यावर काचा आणि अलीकडे मोबाइलवर दिसणारे कॅमेरे. चोरी होते, तिचं दुःखही खरं आहे. त्या पितळेला चार पिढ्यांचे हात लागलेले असतात. पण चोर घरातली वस्तू नेतो, घर नेत नाही. घर नेणारी गोष्ट निराळी आहे आणि तिला दरवाजाची गरज लागत नाही.

हिशेब साधा आहे. रत्नागिरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. एक चौरस फूट जागेवर तीन हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे जवळपास २८० लिटर पाणी. वानराच्या उडीने छपरावरचं एक कौल फुटलं आणि जूनपासून ते कुणी बदललं नाही, तर हंगामभरात एवढं पाणी त्या एका भोकातून आत येऊ शकतं; शिवाय वरच्या कौलांवरून ओघळणारं पाणीही त्याच वाटेने आत शिरतं, ते वेगळं. हे पाणी थेट जमिनीवर पडलं असतं तर फारसं बिघडलं नसतं. ते आधी रीप भिजवतं. रीप कुजली की तिच्यावरची आणखी पाच-सात कौलं घसरतात. मग वाशाचं टोक भिजतं, वासा खाली दबतो, आढ्याला एका बाजूने ओढ बसते आणि सगळं पाखं वाकतं. भिंत मातीची असेल तर तिची वरची कड विरघळू लागते. जांभ्याची असेल तर सच्छिद्र चिरा पाणी पिऊन बसतो आणि आतल्या बाजूला महिनोन्महिने ओल धरतो. ओल्या लाकडाला वाळवी लागायला फार वेळ लागत नाही. ती जमिनीतून मातीच्या नळ्या बांधत भिंतीवरून चढते, आणि त्या नळ्या कुणी मोडत नसेल तर तिला अडवणारं कुणीच नसतं. दहा-बारा वर्षांनी असं घर कोसळतं तेव्हा लोक म्हणतात, जुनं झालं होतं. शेजारचं तेवढंच जुनं, माणसं राहत असलेलं घर मात्र उभं असतं. दोघांतला फरक पहिल्या कौलापाशी पडलेला असतो आणि ते कौल वेळेवर बसवण्याचा खर्च म्हणजे एक कौल आणि सुताराचा अर्धा दिवस.

हे घर मुळात बंद राहण्यासाठी बांधलेलंच नाही, हे आपण विसरतो. १८६५ साली मंगळूरला बासेल मिशनच्या कारखान्यात निघू लागलेलं कौल पुढे सबंध किनारपट्टीवर पसरलं आणि जुन्या नळ्यांच्या व गवती छपरांच्या जागी आलं. तरी छपराखालची पद्धत बदलली नाही. मे महिन्यात आगोटीची कामं निघायची. सुतार छपरावर चढून शाकारणी करायचा, फुटकी कौलं बदलायचा, पन्हळी साफ व्हायच्या, पावसाच्या झडीच्या बाजूला झापं बांधली जायची. आत रोज चूल पेटायची. तिचा धूर माजघरातून वर चढून वाशांना लागायचा. लाकूड कोरडं राहायचं आणि किडा-वाळवी दूर राहायची. जमीन शेणाने सारवली जायची, त्यामुळे भेगा आणि बिळं आठवड्याच्या आत नजरेत यायची. पावसात पहिला थेंब गळला की त्याखाली भांडं ठेवलं जायचं आणि उघडीप मिळताच कुणीतरी आतून काठीने कौल सरकवायचं. ही सगळी घराची देखभालच होती, फक्त तिला कुणी तसं म्हणत नव्हतं, कारण ती राहण्याचाच भाग होती. माणूस गेल्यावर भिंती आणि छप्पर मागे राहिलं, पण ते टिकवणारी व्यवस्था त्याच्याबरोबर निघून गेली.

ती नेमकी कधी गेली, हे जनगणनेच्या आकड्यांत दिसतं. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्रात फक्त तीन जिल्ह्यांची लोकसंख्या घटली: मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. रत्नागिरी १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्ग ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर. त्याच काळात मुंबई उपनगर जिल्हा ८६ लाखांवरून ९३ लाखांपुढे गेला. या आकड्यांहून बोलका आकडा बायकांचा आहे. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे २००१ साली १,१३६ स्त्रिया होत्या, त्या २०११ साली १,१२२ झाल्या; सिंधुदुर्गात १,०७९ च्या १,०३६ झाल्या. गिरणगावाच्या काळात चाकरमानी एकटा मुंबईत असायचा, खाणावळीत जेवायचा आणि मनिऑर्डर गावी पाठवायचा. घरात त्याची बायको, आई-वडील आणि मुलं असायची, म्हणून घर बंद नसायचं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या सरल्या, पुढच्या पिढीने उपनगरांत खोल्या आणि मग फ्लॅट घेतले, सबंध कुटुंब इकडे आलं आणि गावात म्हातारी माणसं उरली. ती गेली तेव्हा कुलूप लागलं. कोकण रेल्वे १९९८ च्या जानेवारीत पूर्ण मार्गावर धावू लागली, २९ ऑगस्ट २०२४ ला बोरिवलीहून मडगावच्या नव्या गाडीला हिरवा झेंडा दाखवला गेला, तेव्हा पश्चिम उपनगरांतल्या माणसांना दादर-कुर्ल्याचा हेलपाटा निदान काही दिवशी तरी वाचला. जाणं सोपं झालं, पण जाण्याचे दिवस तेच राहिले. गाडी सोयीची झाली म्हणून कुणी जुलैत छप्पर बघायला गेल्याचं ऐकिवात नाही.

गैरहजेरीची किंमत किती असते, हे निसर्ग चक्रीवादळाने एका दुपारी दाखवलं. ३ जून २०२० ला ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटरच्या घरात होता. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, दापोली, मंडणगड या पट्ट्यात कौलं आणि पत्रे उडाले, माडा-पोफळींच्या बागा आडव्या झाल्या. मुंबईत टाळेबंदी होती आणि जिल्ह्याची हद्द ओलांडायला परवाना लागत होता. छप्पर उडणं हा एका दिवसाचा अपघात होता. त्यानंतरचा पावसाळा हा चार महिन्यांचा. ज्या घरात माणूस होता त्याने पहिल्या आठवड्यात ताडपत्री टाकली, उरलेली कौलं गोळा करून निदान माजघर आणि देवघर झाकलं, पंचनाम्याला तलाठी आला तेव्हा तो दारात उभा होता. बंद घराची आतली कपाटं, गाद्या, कागदपत्रं आणि वासे पावसाखाली भिजत राहिले. वादळ दोघांवरून सारखंच गेलं होतं. पुढच्या वर्षी मेमध्ये तौक्ते आलं, आणि जुलैत महाड-चिपळूणचा महापूर.

यावर उपनगरातलं सर्वांत सरळ उत्तर असतं: कौलारू घर पाडा, स्लॅब टाका. उत्तर देणारा माणूस बहुतेकदा स्वतः गळक्या स्लॅबखाली राहत असतो, हा त्यातला विनोद. मुंबईतल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत वर्षानुवर्षं गाजणारा विषय कोणता, तर गच्चीचं वॉटरप्रूफिंग. काँक्रीटला पाणी लागत नाही ही समजूत इथेच मोडीत निघालेली आहे. कोकणात समुद्रावरच्या खाऱ्या हवेत सळ्या अधिक लवकर गंजतात. बंद बंगल्याच्या गच्चीवर आंब्या-फणसाची पानं साचून पाण्याची तोंडं बुजतात आणि जूनमध्ये तुंबलेलं पाणी सप्टेंबरपर्यंत तसंच राहतं. भिंतीच्या फटीत उगवलेलं पिंपळाचं रोप पहिल्या वर्षी बोटाने उपटता येतं, पाचव्या वर्षी त्यासाठी भिंत फोडावी लागते. म्हणूनच तर गावोगाव नव्या बंगल्यांच्या स्लॅबवर पुन्हा पत्र्याची शेड चढलेली दिसते. स्लॅबमुळे वानरांचा त्रास आणि दरवर्षीची शाकारणी वाचते, हे मान्य. देखभाल वाचत नाही. ती फक्त दिसायला उशीर लागतो आणि दिसते तेव्हा महाग असते.

दुसरं उत्तर कॅमेऱ्याचं. कॅमेऱ्याला वीज लागते आणि नेट लागतं. कोकणच्या पावसाळ्यात दोन्ही दिवसचे दिवस जातात, निसर्गनंतर कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे गेले. शिवाय ओल्या भिंतीतली जुनी वायरिंग आणि विजांचा कडकडाट बघता बंद घराचा मेन स्विच पाडून ठेवणंच शहाणपणाचं, म्हणजे कॅमेरा पहिल्याच दिवशी आंधळा. हेही सोडून देऊ. समजा सगळं सुरळीत चाललं आणि मुलुंडच्या घरी बसलेल्या माणसाला मोबाइलवर माजघरात थेंब पडताना दिसला. पुढे काय? रत्नागिरी सव्वातीनशे किलोमीटरवर आहे आणि मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण किती वर्षं चाललंय हे त्याला कुणी सांगायला नको. तो कुणाला तरी फोन करणार. म्हणजे शेवटी गावात एक माणूस लागतोच, छपरावर चढणारा. तो असेल तर कॅमेऱ्याचा उपयोग आहे, नसेल तर थेंब मोजत बसायचं.

विम्याचंही असंच. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाच्या आदेशाने सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांनी ‘भारत गृह रक्षा’ ही घराची प्रमाणित पॉलिसी देऊ केली आहे. आग, वादळ, पूर, दरड कोसळणं हे तिच्यात येतं आणि दुसरं घर असलेल्याने ती घ्यावीच. पण विमा अचानक घडलेल्या गोष्टीचे पैसे देतो. हळूहळू झिजणं, मुरणारं पाणी, वाळवी यांचे देत नाही. त्यापूर्वी सर्रास चालणाऱ्या आग-विम्याच्या पॉलिसीत तर इमारत ३० दिवसांहून जास्त काळ रिकामी राहिली आणि कंपनीची तशी लेखी संमती नसली तर संरक्षण थांबेल, असं कलमच होतं. आपलं घर वर्षातले अकरा महिने बंद असतं, हे पॉलिसी घेतानाच लेखी कळवलेलं बरं. विमा कंपन्या हिशेबाच्या पक्क्या असतात. रिकाम्या घराचा धोका वेगळा मोजायचा, हे त्यांना आपल्या आधी उमगलं.

उपनगरातल्या कोकणी माणसाला गावच्या घरासाठी जे हवं आहे, ते त्याच्याकडे आधीच आहे. फक्त ते चुकीच्या पत्त्यावर वापरलं जातंय. तो सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सभासद असतो. महिन्याच्या महिन्याला मेंटेनन्स भरतो, कुरकुरत का होईना. आदर्श उपविधींप्रमाणे त्याच्या सोसायटीने दुरुस्ती व देखभाल निधीसाठी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी किमान ०.२५ टक्के रक्कम दरवर्षी गोळा करायची असते. इमारत १५ वर्षांची झाली की पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षं ओलांडली की तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. सभा होते, इतिवृत्त लिहिलं जातं, थकबाकीदारांची यादी फलकावर लागते. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरच्या दामोदर पार्कमधली सिद्धी साई इमारत कोसळून १७ जण गेले, त्यानंतर तर उपनगरांतल्या सभांमध्ये ‘पिलरला हात लावू नका’ हे वाक्य नव्या गांभीर्याने म्हटलं जाऊ लागलं. इतकं सगळं शिकलेला माणूस गावच्या घराबाबत मात्र म्हणतो, ‘गणपतीत गेलो की बघू.’ माझं म्हणणं एवढंच की गावच्या बंद घराला सोसायटी समजून त्याचा मेंटेनन्स भरावा, निधी ठेवावा, नेमलेला माणूस ठेवावा आणि त्याला पगार द्यावा.

पैशांचं बघू. तसं घर आज बांधायला वीस लाख लागतील असं धरलं, तर उपविधींच्या प्रमाणाने वर्षाचे पंधरा हजार दुरुस्तीचे आणि पाच हजार सिंकिंग फंडाचे, एकूण वीस हजार. चार भावांच्या कुटुंबांत वाटले तर घरटी वर्षाला पाच हजार, महिन्याला सव्वाचारशेच्या आत. उपनगरात एवढ्या पैशांत सोसायटीचा एका महिन्याचाही मेंटेनन्स बहुतेक ठिकाणी भागत नाही. तरीही ही रक्कम निघत नाही, कारण ती मागणारं कुणी नाही आणि तिची पावती फाडणारं कुणी नाही. त्याऐवजी जे होतं ते असं: किल्ली शेजारच्या काकींकडे ठेवायची, ‘जरा लक्ष ठेवा’ म्हणायचं आणि गणपतीला जाताना एक साडी किंवा मिठाईचा पुडा द्यायचा. काकी साठीच्या असतात तेव्हा हे चालतं. त्या पंच्याहत्तरीच्या होतात तेव्हाही किल्ली त्यांच्याकडेच असते. त्या छपरावर चढणार नाहीत, घसरड्या अंगणातून पावसात जाणारही नाहीत, आणि जाऊ नये हेच बरोबर. फुकटच्या कामात उणं काढता येत नाही, म्हणून काही बिघडलं तरी विचारायचीही सोय नसते. या ‘जरा लक्ष ठेवा’इतका कमकुवत कडी-कोयंडा दुसरा नाही.

पगारी माणसाने करायचं काय, तेही नीट ठरवून द्यावं लागतं. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा घर उघडायचं. आत फिरून वर बघायचं, ओला डाग कुठे वाढलाय ते मोबाइलवर टिपायचं आणि फोटो पाठवायचा. वाळवीच्या नळ्या दिसल्या तर मोडायच्या आणि कळवायचं. त्यावरचं औषध मात्र जाणकाराकडूनच मारून घ्यायचं, त्यासाठी ‘आयएस ६३१३’ हे भारतीय मानक आहे आणि काम देताना त्याप्रमाणे करणार का, हे विचारता येतं. पन्हळ आणि गटार मोकळं करायचं. न्हाणीघर-संडासात दोन बादल्या पाणी ओतायचं, नाहीतर नळीतलं अडवणारं पाणी आटून वास आणि झुरळं आत येतात. आणि चूल पेटवायची. जुलैच्या दमट हवेत नुसत्या खिडक्या उघडून घर वाळत नाही, बाहेरची हवाही तितकीच ओली असते. दोन तास चूल पेटलेली असली तर वासे तरी उबदार होतात. ज्यांनी चूल काढून टाकली त्यांनी निदान हवा खेळती राहील अशी जाळीची झडप ठेवावी आणि सगळं घर निळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा मोह टाळावा, कारण प्लास्टिक बाहेरचं पाणी थोडं अडवतं आणि आतली ओल पुरती कोंडून ठेवतं. पावसाळ्याबाहेर महिन्याला एक फेरी पुरे, आणि मेमध्ये सुताराकडून शाकारणी.

‘माणूस ठेवला तर तो घर बळकावेल’ हा आक्षेप कोकणात सगळ्यात खोल रुजलेला आहे, आणि त्यामागे इतिहास आहे. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांनी कसणाऱ्याला जमीन मिळाली, ते न्यायाचंच झालं. पण ज्यांच्या हातून जमिनी गेल्या त्या घरांत ‘कूळ लागेल’ ही भीती तीन पिढ्या मुरली. ती भीती आता चूल पेटवायला आलेल्या बाईपर्यंत ताणली जाते. कूळकायदा शेतजमिनीचा आहे. राखणदाराबद्दल कायदा अगदी उलट बाजूने स्पष्ट आहे. गोव्यातल्या एका घराच्या वादात, जिथे बहिणीच्या घरात भाऊ राखणीच्या नात्याने राहत होता, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१२ मध्ये सांगितलं की राखणदार, पहारेकरी किंवा नोकर कितीही वर्षं घरात असला तरी त्याला त्या मालमत्तेत हक्क मिळत नाही आणि मागितल्यावर ताबा सोडावा लागतो. बारा वर्षांच्या ताब्याचा जो नियम सगळ्यांना ऐकून माहीत असतो, तो मालकाच्या विरोधात धरलेल्या ताब्याचा आहे, त्याच्या परवानगीने आलेल्याचा नाही. एक पानी करार, दरमहा बँकेतून गेलेला पगार आणि घरपट्टीची आपल्या नावची पावती, एवढा कागद असला तरी धोका फार कमी होतो. खरा धोका कागद नसलेल्या, पैसे न दिलेल्या, ‘राहा हो तुम्ही, घर उघडं राहील’ असं म्हणून सोपवलेल्या घरात आहे. गोव्याच्या खटल्यातही परका कुणी नव्हता, सख्खा भाऊच होता, याकडे लक्ष द्यावं.

‘पण गावात माणूसच कुठे उरलाय?’ हा आक्षेप जास्त खरा आहे. तरुण पुरुष कमी आहेत, सुतार तर मेमध्ये देवासारखा दुर्लभ. पण आठवड्याच्या फेरीला पुरुष लागत नाही. गावात बायका आहेत, त्यांचे बचत गट आहेत, ‘उमेद’सारखं सरकारी अभियान त्यांना दीड दशकापासून बांधून घेतंय. एकाच घरासाठी बांधून घेणं कुणा बाईला परवडणार नाही. वाडीतली वीस बंद घरं एकत्र आली तर परवडेल. घरामागे महिन्याला सहाशे रुपये म्हणजे बारा हजार, दोघींना सहा-सहा हजार. पावसाळ्यात आठवड्याला वीस तासांचं काम दोघींत विभागलेलं, इतर महिन्यांत त्याहून कितीतरी कमी. २०२५-२६ ची रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती, त्यापुढे हा दर चांगलाच बरा आहे. घराच्या वीस हजारांतले सात हजार दोनशे यात गेले तरी सुतार, कौलं आणि पुढच्या मोठ्या कामासाठी बारा हजार आठशे उरतात. आणि वीस घरांना एकत्र आणणारी संस्था नव्याने काढायला नको. प्रत्येक वाडीचं मुंबईत मंडळ आहे, वर्गणीची वही आहे, खजिनदार आहे. मंदिराच्या जीर्णोद्धाराला ही मंडळं लाखो रुपये उभे करतात. देवाच्या छपरासाठी जमणारी माणसं स्वतःच्या छपरासाठी जमत नाहीत, याचं कारण गरिबी नाही, हे त्या देणगीदारांच्या फलकावरूनच कळतं.

जपानकडे बघावं असं इथे वाटतं, कारण हे दुखणं तिथे आपल्याहून पुढे गेलंय. २०२३ च्या पाहणीत तिथे सुमारे ९० लाख घरं रिकामी होती, एकूण घरांच्या १३.८ टक्के. २०१५ पासून रिकाम्या घरांसाठी खास कायदा आहे आणि २०२३ च्या सुधारणेनंतर देखभाल न केलेल्या घराच्या जमिनीवरची कराची सवलत काढून घेता येते. त्यातून महिन्याला एकदा घर उघडून हवा खेळवणं, नळ सोडणं, फोटोसह अहवाल पाठवणं ही एक रीतसर सेवा झाली. ज्येष्ठ नागरिकांच्या संस्थाही ती करतात. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत देशात जवळपास अडीच कोटी घरं रिकामी मोजली गेली, आणि कुलूपबंद घरं तर वापरातल्या घरांतच धरली गेली. म्हणजे सरकारी हिशेबात गावचं बंद घर हा प्रश्नच नाही. ग्रामपंचायत घरपट्टी घेते आणि गप्प बसते. जपानसारखी सक्ती इथे यावी असं मी म्हणणार नाही. दंडाची भीती दाखवून तालुक्याच्या कचेरीत आणखी एक खिडकी उघडेल, बाकी काही नाही.

घर भाड्याने द्यावं किंवा न्याहारी-निवास योजनेत नोंदवावं, ही सूचना चांगली आहे. गणपतीपुळे, गुहागर, तारकर्लीच्या आसपास ती चालतेही. आतल्या वाडीत पर्यटक येत नाही, पण शिक्षक, बँकेचा कर्मचारी, आरोग्य उपकेंद्राची परिचारिका यांना खोली हवी असते. नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सवर दोन खोल्या दिल्या तर सगळ्यात स्वस्त राखण झाली.

उरते ती भाऊबंदकी, आणि माझ्या युक्तिवादाची सगळ्यात कच्ची बाजूही तीच. सोसायटीला थकबाकी वसूल करायला कायदा आहे, चुलतभावाकडून वसूल करायला नाही. घर आजोबांच्या नावावर, नमुना आठला एकाचं नाव, सातबाऱ्यावर सतरा. २००५ च्या दुरुस्तीने मुलींचाही समान हक्क, तो योग्यच. खर्च करणाऱ्याला वाटतं, आपण पैसे घालायचे आणि वाटणीत सगळ्यांचा हिस्सा सारखाच. न करणाऱ्याला वाटतं, हा खर्च करून घर गिळणार. दोन्ही संशयांवर औषध एकच, हिशेबाची वही आणि एक साधा लेखी करार: कोण किती भरतं, न भरलेली रक्कम त्याच्या नावे लागेल आणि वाटणीच्या वेळी वळती होईल, आणि पैसे भरल्याने कुणाचा मूळ हिस्सा वाढत नाही. सहमालकाने केलेल्या आवश्यक दुरुस्तीचा खर्च वाटणीच्या दाव्यात मागता येतो. पावत्या असतील तर. तरीही काही कुटुंबं सही करणार नाहीत. तिथे कुणी एकाने आपल्या खिशातून छप्पर सांभाळायचं की नाही, हे त्यानेच ठरवायचं. निदान वही तरी ठेवावी.

आणि काही घरं सांभाळूच नयेत. ज्या सोळा खणी घराला वर्षाला वीस हजार द्यायला सतरा वारस मिळून तयार नाहीत, ते घर तसंच उभं ठेवून दर गणपतीत हळहळण्यात अर्थ नाही. ते कोसळायच्या आधी उतरवावं. चांगले चिरे, फणसाचे आणि ऐनाचे वासे, शाबूत कौलं यांना आजही गिऱ्हाईक आहे. आपलंच सामान वापरून त्याच जोत्याच्या एका कोपऱ्यात देवघर, पडवी आणि दोन खोल्यांचं घर होतं, आणि त्याचा मेंटेनन्स निम्म्याहून कमी येतो. हा निर्णय गणपतीतच होऊ शकतो, कारण सह्या करणारे सगळे तेव्हाच एका छपराखाली असतात. काम मात्र जानेवारीनंतर कोरड्या हवेत काढायचं, आणि सुताराला दिवाळीतच सांगून ठेवायचं. एप्रिलमध्ये फोन केला तर तो पुढच्या वर्षीची तारीख देतो.